मध्यरात्रीची डाक : फिडोनेट या स्वयंसेवी संदेशजाळ्यातील खर्च आणि अधिकार

प्रस्तावना :

संगणकीय दळणवळणाचा इतिहास सांगताना अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशावर १९६९ साली सुरू झालेल्या अर्पानेटपासून आरंभ करावयाचा आणि इंटरनेटपाशी येऊन थांबावयाचे, असा प्रघात पडून गेला आहे. या मांडणीत शासन, विद्यापीठे आणि पुढे खासगी कंपन्या एवढेच कर्ते दिसतात. तथापि त्याच कालखंडात घरातला संगणक, साधा दूरध्वनी आणि मोडेम एवढ्या सामग्रीवर हौशी माणसांनी उभारलेली एक समांतर टपालव्यवस्था अस्तित्वात होती. तिचे नाव फिडोनेट. १९८४ साली अमेरिकेतील दोन संगणकांमध्ये सुरू झालेले हे जाळे १९९० च्या दशकाच्या मध्यास ३५ हजारांहून अधिक केंद्रांपर्यंत पसरले. त्याच्या मालकीची एकही तार नव्हती, मध्यवर्ती संगणक नव्हता, पगारी नोकरही नव्हता.

अशा व्यवस्थेचे वर्णन सहसा 'लोकशाहीवादी', 'मुक्त' अशा विशेषणांनी केले जाते. ती विशेषणे सर्वस्वी खोटी नाहीत. परंतु त्यांनी फारसे काही उलगडत नाही. फिडोनेटची रचना समजून घ्यावयाची तर संगणकाच्या आज्ञावलीआधी दूरध्वनीचे बिल वाचावे लागते. पत्र कोणत्या वाटेने जाईल हे तो कॉल कोणाच्या बिलावर पडणार यावरून ठरत असे आणि जाळ्यातील अधिकाराचे बहुतेक वाद याच एका प्रश्नातून निर्माण झाले, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

एकट्या फलकांचा काळ :

१९७८ च्या जानेवारीत शिकागो शहर हिमवादळाने ठप्प झाले असताना वॉर्ड ख्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस या दोन संगणकप्रेमींनी एक प्रयोग हाती घेतला. त्यांच्या हौशी मंडळात कॉर्कच्या फळीवर टाचणीने चिठ्ठ्या लावण्याची पद्धत होती. तोच फलक संगणकावर आणावा आणि सभासदांनी दूरध्वनीवरून त्याला जोडून घ्यावे, ही त्यामागील कल्पना. १६ फेब्रुवारी १९७८ रोजी तो फलक सुरू झाला. त्याआधी १९७७ साली ख्रिस्टेन्सन यांनी फाइल पाठविण्याची एक साधी रीत तयार केली होती. फाइलचे १२८ अक्षरांचे तुकडे करावयाचे, प्रत्येक तुकड्याबरोबर त्याची बेरीज धाडावयाची आणि पलीकडे बेरीज जुळली नाही तर तोच तुकडा पुन्हा मागवावयाचा. खरखरणाऱ्या दूरध्वनीवरून फाइल शाबूत पोहोचविण्याची ही युक्ती पुढे एक्समोडेम या नावाने सर्वत्र रूढ झाली.

या फलकांची मर्यादा उघड होती. एका वेळी एकच माणूस जोडला जाई आणि प्रत्येक फलक म्हणजे स्वतंत्र बेट असे. अमेरिकेतील बहुतेक भागांत स्थानिक कॉलसाठी वेगळा आकार पडत नसे. परगावच्या कॉलला मात्र मिनिटागणिक पैसे मोजावे लागत. त्यामुळे फलकाचा समाज गावापुरता राही. शेजारच्या राज्यातील फलकावर काय लिहिले जात आहे हे वाचणेसुद्धा महाग होते.

दोन नोडांपासून आरंभ :

सॅन फ्रान्सिस्को येथील टॉम जेनिंग्ज यांनी १९८३ अखेरीस स्वतःची फलक-आज्ञावली लिहावयास घेतली. निरनिराळ्या सुट्या भागांची मोट बांधून तयार केलेल्या एका संगणकाला गंमतीने 'फिडो' म्हटले जाई; इंग्रजीभाषक घरांत कुत्र्याचे हे जुने, परिचित नाव. तेच आज्ञावलीला मिळाले. बाल्टिमोर येथील जॉन मॅडिल हे ती आज्ञावली वापरत होते. देशाच्या दोन टोकांना असलेल्या या दोन यंत्रांनी परस्परांना आपोआप पत्रे व फाइली धाडाव्यात, असे १९८४ च्या पूर्वार्धात ठरले. सॅन फ्रान्सिस्कोचे यंत्र नोड १ आणि बाल्टिमोरचे नोड २ झाले. त्याच वर्षी १ जानेवारीस अमेरिकेतील प्रचंड दूरध्वनी कंपनी एटी अँड टीचे विभाजन झाले होते आणि परगावच्या कॉलच्या दरांकडे सर्वांचेच लक्ष होते, हा योगायोगही नोंदविण्याजोगा आहे.

जेनिंग्ज यांची मूळ कल्पना अगदी साधी होती. दिवसा माणसे फलकावर येऊन पत्रे लिहून ठेवीत. रात्री दूरध्वनीचे दर सर्वांत कमी असताना एक तास ठरलेला असे. त्या तासापुरता फलक माणसांसाठी बंद होई. संगणक पत्रे ज्या त्या नोडप्रमाणे पाकिटांत भरी, यादीतून दूरध्वनी क्रमांक शोधी आणि मोडेमकरवी तो फिरवी. पलीकडील यंत्राने उत्तर दिले की पाकीट पोहोचते होई; लाइन व्यग्र असली तर काही वेळाने पुन्हा प्रयत्न होई. पत्रासोबत फाइल जोडून देण्याची सोयही आरंभापासून होती. हा 'डाकतास' पुढे नियम बनला. उत्तर अमेरिकेत तो ग्रिनिच वेळेनुसार ९ ते १०, म्हणजे हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोत रात्री १ ते २ असा होता. इतर कोणतेही काम न केले तरी या तासात यंत्र चालू ठेवून येणारी डाक घेतली पाहिजे, एवढे एकच बंधन सर्व नोडांवर समान होते.

त्या काळातील मोडेमांचा वेग लक्षात घेतल्याखेरीज या काटकसरीचा अर्थ ध्यानात येणार नाही. ३०० बॉडच्या मोडेमवरून सेकंदाला सुमारे ३० अक्षरे जात. तीन हजार अक्षरांच्या पत्राला १०० सेकंद लागत. २४०० च्या मोडेमवर तेच पत्र १२-१३ सेकंदांत जाई. म्हणजे नवा मोडेम घेणे ही चैन नव्हती, बिल आठपटीने खाली आणण्याचा तो मार्ग होता. भारतात १९९० च्या दशकात रात्री अकरानंतर पाव दर लागू होताच एसटीडी बूथसमोर लागणाऱ्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या डाकतासाचे अर्थशास्त्र समजावून सांगण्याची गरज नाही.

यजमान आणि यादी :

१९८४ च्या उत्तरार्धात नोडांची संख्या झपाट्याने वाढली. वर्ष सरता सरता ती शंभरापलीकडे गेली. नोड क्रमांकासाठी आज्ञावलीत ठेवलेली जागा सुमारे २५० पर्यंतच पुरणारी होती. यादी सांभाळणे एकट्या जेनिंग्ज यांच्या आवाक्याबाहेर गेले, तेव्हा सेंट लुईस येथील केन कॅप्लन, बेन बेकर आदी चालकांनी ती जबाबदारी घेतली. याच मंडळींच्या ध्यानात एक गोष्ट आली. एका गावातील दहा नोडांना दहा पत्रे धाडावयाची तर परगावचे दहा कॉल करावे लागतात. परंतु ती सर्व पत्रे गावातील एकाच नोडला दिली तर पुढचे वाटप स्थानिक कॉलवर, म्हणजे फुकटात होऊ शकते.

जून १९८५ मध्ये अमलात आलेली नवी पत्ता-पद्धत याच निरीक्षणावर उभी होती. आता पत्त्याचे दोन भाग झाले. पहिला स्थानिक जाळ्याचा आणि दुसरा त्यातील नोडचा. प्रत्येक जाळ्यात एक यजमान नोड नेमला गेला. १९८६ पासून त्यापुढे खंडवार विभागाचा आकडा लागला : उत्तर अमेरिका १, युरोप २, ऑस्ट्रेलिया व आसपासचा प्रदेश ३, लॅटिन अमेरिका ४, आफ्रिका ५ आणि आशिया ६. पत्त्याची ही उतरंड वरवर प्रशासकीय वाटते. प्रत्यक्षात तो दूरध्वनीच्या दरपत्रकाचा नकाशा होता. जेथवर कॉल स्थानिक, तेथवर एक जाळे; जेथून आंतरराष्ट्रीय दर लागतो, तेथे दुसरा विभाग.

यजमानाचे कर्तव्य मात्र एकतर्फी होते, आणि या व्यवस्थेची किल्ली तेथेच आहे. बाहेरून आलेली डाक स्वीकारून आपल्या जाळ्यातील नोडांना देणे त्याला बंधनकारक होते. जाळ्यातून बाहेर जाणारी डाक पोहोचविणे त्याच्यावर बंधनकारक नव्हते. परगावच्या कॉलचा खर्च पाठविणाऱ्याने सोसावयाचा आणि यजमानाने केवळ स्थानिक वाटपाचे श्रम द्यावयाचे, असा तो व्यवहार होता. जुन्या टपालातील 'नॉटपेड' पत्राला येथे जागाच नव्हती. भारतात १८५४ साली अंतराचा विचार न करता अर्ध्या आण्यात पत्र नेण्याची पद्धत आली, ती सरकार जवळच्या पत्रावरील नफ्यातून दूरच्या पत्राचा तोटा भरून काढू शकत होते म्हणून. फिडोनेटपाशी अशी तिजोरी नव्हती. ज्याचे पत्र त्याचा कॉल, एवढ्याच तत्त्वावर ते उभे राहू शकत होते, आणि हे तत्त्व पाळले गेले तोवर जाळ्यात कोणी कोणाचा मिंधा नव्हता.

सर्व नोडांचे क्रमांक, गावे, चालकांची नावे व दूरध्वनी देणारी 'नोडलिस्ट' ही या व्यवस्थेतील सर्वांत महत्त्वाची फाइल. ती चुकली तर काय होते याचा अनुभव आरंभीच आला. यादीत एक क्रमांक चुकीचा पडल्यामुळे संगणकाशी काडीचाही संबंध नसलेल्या एका गृहस्थाच्या घरी मध्यरात्री दूरध्वनी खणखणू लागला. उचलावा तर पलीकडे नुसती शिटी. एका यंत्राला उत्तर मिळाले नाही की ते पुन्हा प्रयत्न करी. शिवाय यंत्रेही अनेक होती. त्यानंतर नियम असा झाला की, नोड क्रमांकाची मागणी पत्राने वा तोंडी न करता स्वतःच्या यंत्रावरून फिडोनेटमार्फतच करावयाची. जो डाक पाठवू शकतो त्याचे यंत्र चालते, एवढे त्यातून आपोआप सिद्ध होई.

यादी दर आठवड्यास नवी होत असे. प्रत्येक जाळ्याचा समन्वयक आपले बदल प्रादेशिक समन्वयकाकडे, तो विभागीय समन्वयकाकडे धाडी आणि सर्वांचा मेळ घालून तयार झालेली यादी त्याच पायऱ्यांनी खाली उतरे. नोडांची संख्या हजारांत गेल्यावर पूर्ण यादी दर आठवड्यास धाडणे परवडेना, म्हणून केवळ फरकाची छोटी फाइल पाठवून प्रत्येकाने आपल्या यंत्रावर जुन्या यादीत तो फरक जिरवावा, अशी रीत पडली. डिसेंबर १९८४ मध्ये निघू लागलेले 'फिडोन्यूज' हे वार्तापत्रही याच वाटेने फिरे.

फाइलवाटपाच्या इतर रीतीही याच काटकसरीतून घडल्या. एखाद्या नोडला त्याच्याकडील फाइल मागावयाची असेल तर मागणारा कॉल करी आणि त्याच कॉलमध्ये, मागणाऱ्याच्याच खर्चाने, फाइल परत येई. नव्या आज्ञावल्यांच्या नियमित वाटपासाठी पुढे असे जाळे तयार झाले की, प्रत्येक फाइलबरोबर तिचे नाव, वर्णन, आकार आणि ती कोठकोठून आली हे सांगणारी चिठ्ठी जाई. घेणारे यंत्र ती वाचून पुढच्यांच्या गठ्ठ्यात फाइल टाकी. फाइली आणि डाक दाबून लहान करणे हे तर बिलाच्या दृष्टीने अनिवार्यच. त्यासाठी 'आर्क' ही पद्धत रूढ होती. तिचे कर्ते आणि फिल कॅट्झ यांच्यात १९८८ साली न्यायालयीन वाद झाला. तडजोडीनंतर कॅट्झ यांनी १९८९ मध्ये 'झिप' ही स्वतंत्र पद्धत प्रसृत केली. फलकचालकांची सहानुभूती कॅट्झ यांच्याकडे असल्याने अल्पावधीत फलकांवरील फाइली झिपमध्ये आल्या. आज कार्यालयांतून सर्रास वापरल्या जाणाऱ्या झिप फाइलचा प्रसार मध्यरात्रीच्या या कॉलांनी केलेला आहे, हे फार थोड्यांस ठाऊक असते.

एकोमेल : सर्वांची डाक, कोणाचे बिल?

१९८५-८६ च्या सुमारास डॅलस येथील जेफ रश यांनी एक पूरक आज्ञावली लिहिली. शहरातील फलकचालकांना आपापसांत चर्चा करावयाची होती, पिझ्झा खावयास कोठे व केव्हा जमावयाचे हेही ठरवावयाचे होते, आणि दरवेळी प्रत्येकाला वेगळे पत्र लिहिणे जिवावर येत होते. रश यांच्या योजनेत एका विषयाच्या सर्व पत्रांची प्रत प्रत्येक सहभागी नोडवर राही. कोणी नवे पत्र लिहिले की रात्री ते शेजारच्या नोडवर, तेथून पुढच्या नोडवर असे उमटत जाई. म्हणून नाव 'एकोमेल', म्हणजे प्रतिध्वनीसारखी फिरणारी डाक.

प्रतिध्वनी परत आला तर मात्र पंचाईत होई. तो टाळण्यासाठी प्रत्येक पत्राच्या तळाशी हे पत्र आधीच पाहिलेल्या नोडांची यादी लिहिली जाई. पुढे धाडण्यापूर्वी यंत्र ती यादी तपासून त्यांना वगळी. तरीही एखाद्या उत्साही चालकाने दोन वेगवेगळ्या नोडांशी एकाच विषयाचा सांधा जुळविला की वर्तुळ तयार होई आणि एकच पत्र दोनदा, चारदा, दहादा फिरत राही. पत्रांना स्वतंत्र ओळखखूण देण्याची रीत नंतर आली, पण खरा उपाय व्यवस्थेचाच होता. सांधे झाडाच्या फांद्यांसारखे असावेत, कोठेही वर्तुळ होऊ नये, यावर कोणीतरी देखरेख ठेवली पाहिजे होती.

मूळ तत्त्वाला तडा गेला तो येथे. व्यक्तिगत पत्राचा खर्च पाठविणारा देई. एकोमेलमधील पत्र कोणा एकाला लिहिलेले नसते आणि ते शंभर ठिकाणी पोहोचते. लिहिणाऱ्याने स्थानिक फलकावर फुकटात दोन ओळी खरडल्या तरी त्या ओळी देशभर वाहून नेण्याचे बिल मधल्या नोडांच्या चालकांवर पडे. त्यातच डाकेचे प्रमाण भूमितीश्रेणीने वाढले. विषयांची संख्या शेकड्यांत गेली; संगणकीय भाषांपासून स्वयंपाक, धर्म, राजकारण, विनोद असे सर्व काही त्यात आले. काही चालकांनी वेगवान मोडेम घेऊन मोठ्या शहरांमध्ये दर रात्री गठ्ठे वाहून नेण्याचे काम पत्करले. या मंडळींना 'पाठीचा कणा' म्हटले जाई. खर्च भागविण्यासाठी स्थानिक जाळ्यांतून वर्गणी गोळा होऊ लागली. १९९० च्या दशकात अमेरिकेत उपग्रहावरून ही डाक आणि फाइली छत्रीवर उतरवून देणारी व्यापारी सेवाही निघाली.

जो खर्च उचलतो तो अटीही घालतो. कोणता विषय कण्यावरून वाहून न्यावयाचा, कोणाला सांधा द्यावयाचा, नियम मोडणाऱ्याचा सांधा केव्हा तोडावयाचा हे प्रश्न आता तांत्रिक राहिले नाहीत. कागदोपत्री एकोमेल ही जाळ्याची अनिवार्य सेवा नव्हतीच. नोडावर बंधन होते ते केवळ डाकतासाचे. व्यवहारात मात्र बहुतेक लोक एकोमेलसाठीच फलकावर येत. त्यामुळे जिच्यासाठी कोणताही लिखित अधिकार नव्हता, तीच सत्ता सर्वांत प्रभावी ठरली.

कारभाराचा पेच :

जेनिंग्ज स्वतःला अराज्यवादी म्हणवीत. प्रत्येक चालक आपल्या यंत्रापुरता सार्वभौम असावा आणि जाळे म्हणजे अशा सार्वभौमांचा करार असावा, ही त्यांची धारणा. वाढत्या जाळ्याला हे पुरेनासे झाले, तेव्हा आंतरराष्ट्रीय फिडोनेट संघ या नावाची नोंदणीकृत संस्था स्थापन झाली. फिडोनेटचा कारभार रीतसर तिच्याकडे द्यावा काय, यावर १९८९ साली सार्वमत घेण्यात आले. आवश्यक तेवढा पाठिंबा मिळाला नाही आणि संस्था विसर्जित झाली. जून १९८९ मध्ये लागू झालेल्या चौथ्या धोरणपत्रकाने समन्वयकांची उतरंडच कायम केली. जाळ्याच्या समन्वयकाची नेमणूक प्रादेशिक समन्वयकाने, त्याची विभागीय समन्वयकाने करावयाची. विभागीय समन्वयकाची निवड प्रादेशिक समन्वयकांनी करावयाची. सामान्य नोडचालकाला मत नव्हते.

स्वयंसेवकांनी उभारलेल्या जाळ्याने निवडणुकीऐवजी नेमणूक स्वीकारावी यात विसंगती दिसते, आणि अनेक चालकांनी त्याविरुद्ध 'फिडोन्यूज'चे रकाने भरले. परंतु मत देण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न खरोखरच अवघड होता. महिन्याला मोठे बिल भरणारा वाहक, एका घरगुती यंत्रावर डाक घेणारा चालक आणि त्याच्या फलकावर येऊन फुकट लिहिणारा वाचक यांची मते सारखी मोजावयाची काय? धोरणपत्रकाने या प्रश्नाला हात घातला नाही. त्याने आचाराचा एक दुहेरी नियम तेवढा सांगितला : इतरांना अवाजवी त्रास देऊ नये आणि स्वतःही अवाजवी चटकन त्रासून जाऊ नये. या नियमाची थट्टा पुष्कळ झाली; तक्रारींचे निवाडे मात्र त्यावरच होत राहिले. ज्यांना ते मान्य नव्हते त्यांना तीच आज्ञावली वापरून वेगळे जाळे काढण्याची मोकळीक होती आणि अशी कित्येक जाळी निघालीही.

त्याच पत्रकातील गोपनीयतेचे कलम अधिक गंभीर आहे. वाटेतील चालकाने दुसऱ्याची डाक उघड करू नये असे ते सांगते. परंतु सांकेतिक लिपीतील डाक वाटेतील सर्व चालकांच्या संमतीविना पाठविण्यास मनाई करते. कारण उघड होते. आपल्या यंत्रावरून, आपल्या दूरध्वनीवरून काय जात आहे याची जबाबदारी कायद्याने चालकावर येऊ शकत होती. टपाल खात्याला असते तसे संरक्षण त्याला नव्हते. इटलीत मे १९९४ मध्ये याचा प्रत्यय आला. आज्ञावल्यांच्या बेकायदा प्रतींच्या संशयावरून तेथील पोलिसांनी अनेक फिडोनेट चालकांच्या घरांवर छापे घातले. संगणक, मोडेम, डिस्क तर नेल्याच, काही ठिकाणी माऊसखालच्या चकत्यासुद्धा जप्त झाल्या. त्यांतील अनेकांचा चोरट्या प्रतींशी काही संबंध नव्हता. ज्या नोडलिस्टमुळे जाळे चालत होते, तिच्यात प्रत्येकाचे नाव, गाव व दूरध्वनी जाहीरच होते.

आफ्रिका आणि भारत :

श्रीमंत देशांत हौस म्हणून वाढलेली ही रीत इतरत्र गरजेची ठरली. वर्णभेदी राजवटीवरील निर्बंधांच्या काळात दक्षिण आफ्रिकेतील ऱ्होड्स विद्यापीठाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस बाहेरच्या जगाशी ई-पत्रव्यवहार सुरू केला तो फिडोनेटच्या वाटेने. पलीकडचे टोक होते अमेरिकेतील पोर्टलंड येथील रँडी बुश यांच्या घरी. १९९१ साली त्या देशाचा पहिला इंटरनेट सांधाही याच घराशी जुळला. लंडनमधील ग्रीननेट ही संस्था आफ्रिकेतील अनेक स्वयंसेवी संस्थांच्या फिडो यंत्रांशी डाकेची देवघेव करी. कॉल कोणत्या बाजूने करावयाचा हा तेथे मुख्य प्रश्न होता, कारण एकाच दोन शहरांमधील मिनिटाचा दर दोन्ही बाजूंनी सारखा नसे. डॉक्टरांना वैद्यकीय माहिती पुरविणाऱ्या हेल्थनेट या उपक्रमानेही फिडोनेटची रीत स्वीकारली. सतत चालू राहणारी लाइन जेथे नाही तेथे डाक साठवून, लाइन मिळेल तेव्हा पुढे धाडणारी व्यवस्थाच टिकू शकत होती.

भारताचा संबंध लहान असला तरी बोधप्रद आहे. १९८६ साली आखलेल्या अर्नेट प्रकल्पामुळे संशोधनसंस्थांना ई-मेल मिळाले. मुंबईत जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र हे त्याचे परदेशाकडील द्वार होते. विद्यापीठाबाहेरच्या माणसाला हे दार बंद होते. त्याच्यासाठी फलक होते. बंगळूरमधील अतुल चिटणीस यांचा फलक, मुंबईतील 'लाइव्ह वायर' असे काही फलक १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून चालत आणि फिडोनेटच्या आशियाई विभागातून जगाशी डाक करीत. अमेरिकेशी तुलना केली असता येथील अडचण ध्यानात येते. १९९१ साली संपूर्ण देशात सुमारे ५० लाख दूरध्वनी होते. नवी जोडणी मिळावयास वर्षानुवर्षे लागत. स्थानिक कॉलही मोजला जाई. फलकासाठी घरातला एकुलता एक दूरध्वनी रात्रभर अडकवून ठेवणे हीच मोठी किंमत होती. 'स्थानिक वाटप फुकट' हा फिडोनेटचा पायाच येथे उपलब्ध नव्हता. त्यामुळे भारतीय चालकाचा भार दुहेरी पडे.

त्यात कायद्याची भर पडली. १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाने तारयंत्रणा उभारण्याचा अनन्य अधिकार सरकारकडे ठेवला होता. १९९० च्या दशकाच्या मध्यास दूरसंचार विभागाने त्या आधारे ई-मेल सेवांसाठी लाखो रुपयांचे वार्षिक परवाना शुल्क ठरविले आणि हौशी फलकांनाही त्याच मोजपट्टीत आणले. व्यापारी सेवा आणि घरातून चालणारा फलक यांतील फरक अधिनियमाला ठाऊक नव्हता. तो लिहिला गेला तेव्हा संदेशयंत्रणा चालविणारा हौशी माणूस ही कल्पनाच संभवत नव्हती. चालकांनी व वापरकर्त्यांनी इलेक्ट्रॉनिक अभिव्यक्तीच्या हक्कासाठी एक मंच स्थापून याविरुद्ध आवाज उठविला. हा वाद चालू असतानाच १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. १८८५ चा अधिनियम मात्र पुढे कित्येक वर्षे अमलात राहिला. त्याची जागा घेणारा दूरसंचार अधिनियम २०२३ साली संमत झाला.

उत्तरकाळ :

अमेरिकेत १९९६ च्या सुमारास ठरावीक मासिक शुल्कात हवा तितका वेळ इंटरनेट मिळू लागले आणि परगावच्या कॉलवर उभारलेली सारी काटकसर निरर्थक झाली. नोडांची संख्या शिखरावरून वेगाने घसरली. रशियात याच्या उलट घडले. तेथे इंटरनेट महाग आणि दूरध्वनी स्वस्त असल्याने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात फिडोनेट जोमाने वाढले आणि पुढे जाळ्यातील बहुसंख्य नोड तेथीलच झाले. इतरत्र उरलेल्या नोडांनी मोडेम बाजूला ठेवून इंटरनेटवरूनच पाकिटे पाठविण्याची रीत धरली. या रीतीत पत्ता, नोडलिस्ट, समन्वयकांची उतरंड सर्व जुनेच राहिले. ज्या बिलासाठी ही उतरंड निर्माण झाली ते बिल तेवढे उरले नाही. आशियात तर यादी सांभाळण्यापुरतेही नोड शिल्लक राहिले नाहीत. २००७ साली सहावा विभाग नोडलिस्टमधून काढून टाकण्यात आला आणि त्यातील उरलेसुरले नोड ऑस्ट्रेलियाच्या तिसऱ्या विभागास जोडले गेले.